हाताच्या मुंग्या

लातूरला औसा रोडच्या मागच्या बाजूला, जिथं दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी दिसते, त्या गल्लीत रत्नम्माची खानावळ होती. पाटीवर नुसतं 'लिंगायत खानावळ' एवढंच लिहिलेलं. पण नांदेड, बीड, परभणीकडून डॉक्टर व्हायला आलेली पोरं तिला मावशीची मेस म्हणायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वरण आणि एखादी पातळ भाजी. पोरं जेवायची आणि रत्नम्मा दाराशी खुर्चीत बसून कुणाच्या ताटात काय संपलं ते बघायची. त्या खुर्चीतून उठणं तिला तेव्हा जिवावर यायचं. अंग फार सुटलं होतं. गुडघे कुरकुरायचे, साखर कायम चढलेली, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. भाकरी थापायला धोंडाबाई होती, पाणी भरायला नवरा रेवणप्पा होता. रत्नम्मा खुर्चीतूनच सगळं चालवायची, आणि नीट चालवायची.

तिची मुलगी सिंधु नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स होती, राहायला विष्णुपुरीला. वजन उतरवायच्या ऑपरेशनचं आईच्या मनात घातलं ते तिनंच. जठर लहान करून खालच्या आतड्याला जोडून देतात, मग थोडक्यात पोट भरतं, वजन उतरतं, साखरही आटोक्यात येते, असं तिनं समजावून सांगितलं. रेवणप्पा मुळात कमी बोलणारा. तो म्हणाला, "तुला पटलंय ना? मग करून टाक." आडवी आली ती सासू, गुरम्मा.

"देवानं दिलेलं पोट कुणी कापून घेतंय का?" गुरम्मा म्हणाली. "आपल्यात अन्न म्हंजे प्रसाद. प्रसाद ठेवायची जागाच कापून टाकणार का तू?"

रत्नम्मा सासूला आत्या म्हणायची. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात तिनं आत्याच्या शब्दाला शब्द लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

"आत्या, मला माझ्या पायानं चालायचं हाय," ती म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

ऑपरेशन नांदेडला झालं, चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन सिंधुनं आईकडून पुन्हा वदवून घेतल्या. एक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ठरलेली इंजेक्शनं जन्मभर घ्यायची. दुसरी, काहीही दुखलं तरी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खायची नाही. जिथं जोडलंय तिथं त्या गोळीनं जखम होते. रत्नम्मानं तेव्हाच विचारलं होतं, "डॉक्टर, माझ्या हाताला मुंग्या येतात, त्याचं काय?" तिला ते दुखणं जुनंच होतं. पहाटे जाग यायची ती हात बधिर होऊन. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दाबली जात असेल, जाड माणसात हे बऱ्याचदा असतं, वजन उतरलं की पुष्कळांना आराम पडतो. नाही पडला तर दाखवायला या.

आणि आराम पडलाही. पहिले काही महिने तर रत्नम्माला सगळंच नवल वाटायचं. ती गंजगोलाईच्या बाजारपेठेपर्यंत चालत जायला लागली. बांगड्या मनगटातून गळून पडायला लागल्या, तेव्हा बांगडीवाल्यानं कोवळ्या पोरींच्या मापाच्या काढून दिल्या, तर ती दुकानातच हसत सुटली. खाली मांडी घालून बसता येतं, उठताना कुणाचा हात लागत नाही, रिक्षावाला शेजारी दुसरी सवारी घेतो, या गोष्टी कुणाला सांगाव्यात एवढ्या मोठ्या नव्हत्या, पण तिला त्या मोठ्या वाटायच्या. जेवण मात्र चतकोर भाकरीवर आलं. ती ताटावरून उठली की गुरम्मा तोंड फिरवून घ्यायची.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही नीट आला नव्हता. मांजरा धरणात चिखल उरला, नळाची बारी आठवड्यावरून पंधरवड्यावर गेली, मग कधी येणार ते सांगणारंच कुणी उरलं नाही. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला. धोंडाबाईच्या वस्तीतला टँकर नेमका भाकरीच्या वेळेला यायचा. तिला घरचं पाणी सोडून कामावर येता येईना. एक दिवस ती तसं सांगून गेली आणि चूल रत्नम्माच्या हातात आली.

खरं सांगायचं तर रत्नम्माला त्याचं वाईट वाटलं नाही. अंगात नवी ताकद होती आणि ती कुठं तरी खर्ची घालायला तिचे हात शिवशिवत होते. ती पहाटे उठून पीठ मळायची, भाकऱ्या थापायची. टँकर आला की घागर घेऊन धावायची, काठाला धरून भरलेली घागर उचलायची, परत यायची, पुन्हा जायची. रेवणप्पा म्हणायचा, राहू दे, मी आणतो. ती ऐकायची नाही. एका बादलीत सगळ्यांचे कपडे धुवायचे, मग पाणी वाया जाऊ नये म्हणून ते करकचून पिळायचे, ते पिळलेलं पाणी पुन्हा फरशी पुसायला. टँकरपाशी बायका म्हणायच्या, "रत्नम्मा, तू तर पोरगी झालीस की गं!" आणि ती आणखी एक घागर उचलायची.

थंडी सरता सरता मुंग्या परत आल्या, दोन्ही हातांना. आधी पहाटे, मग भाकरी थापताना, मग केव्हाही. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, ही तीन बोटं आपली नाहीतच असं वाटायचं. करंगळी मात्र शाबूत. मनगटापासून कळ निघायची ती थेट कोपरापर्यंत जायची. ती हात झटकायची, झटकला की थोडं बरं वाटायचं. हातातली वाटी कधी सुटून पडायची ते कळायचं नाही. एकदा तव्याला बोट लागलं आणि फोड आल्यावर तिच्या ध्यानात आलं.

ती कुणाला बोलली नाही. सिंधुचा फोन आला की म्हणायची, मजेत हाय. गोळ्या घेतेस का, तर हाव, घेते. खरं तर पाण्याच्या धांदलीत त्या गोळ्या कधीच मागं पडल्या होत्या आणि इंजेक्शनची तारीखही हुकली होती. नांदेडला जायला सवडच नव्हती. पण न बोलण्याचं कारण सवड नव्हतं. ऑपरेशन तिनं आत्याच्या विरोधात जाऊन करून घेतलं होतं. आता हात दुखतो म्हटलं की आत्या म्हणणार, बघ, मी सांगत नव्हते? मग तिचं चालणं, मांडी घालून बसणं, गंजगोलाईपर्यंत जाणं, सगळं त्या एका वाक्याखाली दबून जाणार. रत्नम्माला ते नको होतं. त्यापेक्षा तिला कळ सोसणं परवडत होतं.

कळ सोसेना झाली तेव्हा ती मेडिकलवर गेली. "यांची कंबर धरली," असं नवऱ्याचं नाव सांगून तिनं दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यात पक्कं होतं. आजच्या दिवस एक घेऊ, असं म्हणून तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली. तासाभरात हात हलका झाला. दुसऱ्या दिवशीही तिनं आजच्या दिवस असंच म्हटलं. पुढं म्हणायचंही सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा धाकटा भाऊ भीमाशंकर उदगीरहून आला. उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून जी मंडळी वर्षानुवर्षं निवेदनं देत होती, त्यांत तो पुढं असायचा. लातूरच्या कचेरीत कसलंसं निवेदन देऊन तो जेवायला बहिणीकडं आला. पुढच्या सव्वीस जानेवारीला घोषणा होणार, असं तो मागच्या सव्वीस जानेवारीच्या आधीही म्हणाला होता.

"एकदा जिल्हा होऊ दे अक्का," तो भाकरी मोडत म्हणाला, "उदगीरला मोठा सरकारी दवाखाना येतो का न्हाई बघ. मग तुला नांदेडला जायची गरज न्हाई."

भिंतीला टेकून बसलेल्या गुरम्मानं त्याच्याकडं बघितलं. "लातूर जिल्हा झाला तवा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते," ती म्हणाली. "आता त्याच गल्लीत टँकर येतोय."

भीमाशंकर हसला. रत्नम्मा त्याला वाढायला वाकली आणि वरणाचं पातेलं तिच्या हातून कलंडलं. वरण त्याच्या ताटात, पाटावर, सगळीकडं पसरलं. कुणाला भाजलं नाही. "काय गं अक्का?" तो म्हणाला. "घामेजलेला हात, निसटलं," ती म्हणाली. पण गुरम्माची नजर सुनेच्या हातावरून लवकर हलली नाही.

पुढच्या पंधरवड्यात लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं. टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून पोलीस उभे राहायला लागले. क्लासवाल्यांनी पोरांना सुट्ट्या दिल्या, पोरं पिशव्या उचलून गावाकडं गेली, आणि खानावळीत पाच-सात ताटं उरली. काम कमी झालं तरी हात काही सुधारला नाही. त्यात छातीच्या खाली जळजळ सुरू झाली. रत्नम्माला वाटलं, ऊन बाधलं. शौचाला काळं व्हायला लागलं, तेही तिनं उन्हावरच ढकललं.

एका सोमवारी सकाळी सासू-सून पूजेला बसल्या होत्या. घरात रीतच होती, अंघोळ झाली की गळ्यातल्या चौकातून, म्हणजे चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. पाण्याची टंचाई म्हणून अंघोळ ओल्या फडक्याची आणि अभिषेक पळीभर पाण्याचा. रत्नम्मा लहानपणापासून ही पूजा करत आली होती. तळहातावरचा तो गुळगुळीत थंड दाब तिच्या ओळखीचा होता. त्या दिवशी तो लागेनाच. लिंग हातावर दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. तिनं तळहात थोडा वर केला, मनगट मुडपलं, आणि हातातून वीज गेल्यासारखी कळ निघाली. लिंग घरंगळलं, फरशीवर आपटलं आणि गुरम्माच्या गुडघ्यापाशी जाऊन थांबलं.

लिंग हातातून पडणं म्हणजे काय, हे दोघींना सांगायची गरज नव्हती. जुन्या काळी लिंग हरवलं तर माणसं जीव ठेवत नसत, अशा गोष्टी गुरम्मानंच तिला सांगितल्या होत्या. म्हातारीनं ते दोन्ही हातांनी उचललं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं.

"काय झालं तुझ्या हाताला?" तिनं विचारलं.

"काई न्हाई आत्या."

"काई न्हाई कसं? वरण सांडलीस, वाट्या पाडलालीस, आज देव पाडलीस. पोटाला शस्त्र लावून घेतलीस, ते अंगावर आलं म्हण की!"

रत्नम्माला जे ऐकायचं नव्हतं ते अखेर ऐकावं लागलं. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. पण राग यायलासुद्धा अंगात काही तरी लागतं. ते तिच्यात उरलं नव्हतं.

गुरम्मा तिला घेऊन मठात गेली. मठ फार लांब नव्हता, पण रत्नम्माला वाटेत दोनदा थांबावं लागलं. शिवलिंग स्वामी म्हातारे, गुरम्माच्याच वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गुरम्माला वाटत होतं, ते आता काही प्रायश्चित्त सांगतील, उपास सांगतील. स्वामींनी विचारलं, "हात दवाखान्यात दाखवला का?"

"न्हाई," रत्नम्मा म्हणाली.

"मग माझ्याकडं आधी कशाला आलाव? लिंगाला काई झालेलं न्हाई. मी ते पुन्हा गळ्यात बांधून देतो. हात बरा होईस्तोवर पाटावर फडकं टाकून त्यावर ठेवा आणि पूजा करा." एवढं बोलून ते रत्नम्माकडं नीट बघायला लागले. "गुरम्मा, सुनेच्या तोंडाकडं बघितलीस का? पांढरं फटक पडलंय."

रत्नम्मा उठायला गेली. मठाचा खांब तिच्याकडं येतोय असं तिला वाटलं, आणि मग काहीच वाटलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात सलाईन लावून तिला शुद्धीवर आणलं. सिंधु फोनवर होती. पोटातून रक्त जातंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ऑपरेशन जिथं झालं तिथंच न्यावं असं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये रेवणप्पा चढला. मागून गुरम्माही चढली. ऑपरेशनच्या वेळी तिनं नांदेडला पाय ठेवला नव्हता. "मी येणार," ती म्हणाली, आणि तिला खाली उतरवायची कुणाची छाती झाली नाही.

नांदेडला तोंडातून नळी घालून बघितलं. जिथं जठर आतड्याला जोडलं होतं, नेमकं तिथं व्रण पडला होता. नळीतूनच तो बंद केला, रक्ताच्या बाटल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. सिंधु उशाशी उभी होती, गुरम्मा पायथ्याला स्टुलावर बसली होती, रेवणप्पा दारात.

"दुखण्याच्या गोळ्या घेत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव."

"सांगितलं होतं ना?"

"हाव."

सिंधुला राहवलं नाही. "मग का घेतलीस आई? मला एक फोन करायचा होतास! हात दुखतोय एवढं तरी सांगायचंस!"

रत्नम्मा छताकडं बघत म्हणाली, "दुखतंय म्हणलं असतं तर ऑपरेशन चुकलं असं झालं असतं. ते चुकलेलं न्हाई. मी चालू लागलाव. मला ते कुणी चुकलं म्हणलेलं ऐकायचं नव्हतं."

गुरम्मानं स्टूल जरा मागं सरकवलं, जसं काही खाटेला धक्का लागला असावा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा आणि हाताचा तसा संबंध नाही. नस आधीपासूनच दबत होती. वजन उतरल्यावर तिला मोकळीक मिळाली होती, ती घागरींनी, पिळण्यानं आणि भाकऱ्यांनी घालवली. त्यात जीवनसत्त्वं सोडली, त्यानं नसा आणखी अशक्त झाल्या. "पोट आम्ही सांभाळतो. हातासाठी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर बाईंना दाखवा," ते म्हणाले.

पोट सावरल्यावर, रक्त भरून आल्यावर, सिंधु आईला वर घेऊन गेली. गुरम्मा मागोमाग आलीच, रेवणप्पाही आला. हाडांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मनगटावर टिचक्या मारल्या, तशी बोटांत मुंग्या फुटल्या. मनगट वाकवून धरायला सांगितलं, तेव्हा रत्नम्माला मिनिटभरही धरवेना. मग बारीक करंट देऊन नसांची तपासणी झाली. बाईंनी तिचे दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले आणि अंगठ्याखालच्या मांसल भागावर बोट ठेवलं.

"हे बघा मावशी. डाव्या हाताचा हा उंचवटा अजून भरलेला आहे. उजव्याचा बसायला लागलाय. नस फार दिवस दबली की इथलं मांस वाळतं. बायका फार उशिरा येतात. मुंग्यांचं काय एवढं, असं म्हणतात."

गुरम्मा वाकून बघत होती. तिनं सुनेचा उजवा तळहात बघितला, मग स्वतःचा हात पदराखालून काढला आणि टेबलावर, सुनेच्या हाताशेजारी ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी मांस नव्हतंच. कातडीखाली सरळ हाड आणि खोलगट खड्डा.

"असं का?" तिनं विचारलं.

डॉक्टर बाईंनी तो हात उचलून घेतला. "आजी, हा कधीपासून असा?"

"कोण बघितलंय? जात्यावर बसायचो, दळण सरायचं न्हाई. सकाळी हात मेल्यावानी व्हायचा. सासूला म्हणलं, तर म्हणली, सगळ्यांचाच होतोय. मग मलाबी वाटलं, सगळ्यांचाच होत असेल. सुईत दोरा ओवायचं मी कधीच सोडून दिलाव. घरात कुणाला म्हाईत न्हाई. हिलाबी न्हाई."

रत्नम्मानं आत्याच्या हाताकडं बघितलं. पंचवीस वर्षं या हातानं वाढलेलं ती जेवली होती. गुंड्या लावताना आत्या सिंधुला हाक मारायची, ते डोळे अधू म्हणून, असंच सगळे समजत होते.

"आत्या, सांगायचं होतं की," ती म्हणाली.

"तू सांगितलीस का?" गुरम्मा म्हणाली, आणि पहिल्यांदा दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. हसताना रत्नम्माच्या पोटाला ओढ बसली.

पुढं काय करायचं ते डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं. झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा दोन्ही हातांना बांधायचा. पिळायचं नाही, घागर काठाला धरून उचलायची नाही, भाकरी थापायची तर थोड्या थापून हाताला विसावा द्यायचा. बी-बाराची इंजेक्शनं पुन्हा सुरू. गरजेला साधी तापाची गोळी, तीही विचारून. दुसरी कुठलीच नाही. डाव्या हाताला मनगटात एक इंजेक्शन देऊन बघू, साखर वाढेल का त्यावर लक्ष ठेवू. उजव्या हाताची मात्र नस मोकळी करावी लागेल. लहानसं ऑपरेशन, हातच तेवढा बधिर करून. पण आधी पोट पुरतं बरं होऊ दे.

ऑपरेशन हा शब्द निघाला तेव्हा सिंधु आणि रेवणप्पा दोघंही गुरम्माकडं बघायला लागले. गुरम्मानं डॉक्टर बाईंना विचारलं, "मांस परत येतंय का?"

"थोडं येईल, पुरतं येईलच असं नाही. मुंग्या आणि कळ जाईल. तुमच्या वयात, आजी, ऑपरेशनचा फार फायदा नाही. पण पट्टा बांधलात तर झोप लागेल."

"मग तिचं करा," गुरम्मा म्हणाली. "मला तो पट्टा द्या."

उजव्या हाताचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. रत्नम्मा जागी होती. पडद्याआडून हत्यारांचा बारीक आवाज येत होता आणि डॉक्टर बाई नर्सशी पाऊस कुठपर्यंत आला ते बोलत होत्या. पहिल्याच पहाटे तिला जाग आली ती नेहमीच्या वेळेला, हात झटकायला. पण झटकायला काही नव्हतं. बँडेज ठणकत होतं, बोटं मात्र तिची होती. ती तशीच पडून बोटं एकेक करून हलवत राहिली.

ती मुलीकडं विष्णुपुरीलाच राहिली, टाके निघेपर्यंत. गुरम्माही राहिली. पूजेला रत्नम्मा लिंग पाटावर ठेवायची. एक दिवस गुरम्मा म्हणाली, "हातावर घे की." आणि तिनं आपला खड्डा पडलेला तळहात सुनेच्या डाव्या तळहाताखाली आधाराला धरला. लिंग पडलं नाही.

जुलैत त्या लातूरला परत आल्या तेव्हा पाऊस झाला होता, चांगला झाला होता. क्लास सुरू झाले, पोरं परतली. धोंडाबाई कामावर यायला लागली. पहिल्याच दिवशी रत्नम्मानं तिला चुलीपाशी बसवून विचारलं, "धोंडाबाई, तुझ्या हाताला मुंग्या येतात का?" धोंडाबाई हसली, म्हणाली, "सगळ्यांच्याच येतात की वैनी." रत्नम्मानं तिला आपल्याबरोबर तपासून आणलं. तिचं दुखणं अजून कोवळं होतं, पट्ट्यावर भागलं. भाकऱ्या आता तिघी-चौघी मिळून थापायच्या, त्यासाठी शेजारच्या दोघी रोज येऊ लागल्या. पोरांची ताटं पोरांनी धुवायची असा नियम झाला. त्यावर थोडी कुरकुर झाली आणि मग थांबली. कपडे पिळायचं काम रेवणप्पानं घेतलं. तो ते गच्चीवर, कुणी बघत नसताना करायचा.

सगळंच काही जागेवर आलं असं नाही. उजव्या हाताला डब्याचं घट्ट झाकण उघडत नाही ते नाहीच. बारीक मोहरी चिमटीत धरताना तिला अजून डोळ्यांनी खात्री करावी लागते. आणि तिचं पोटाचं ऑपरेशन बरोबर होतं, असं गुरम्मा कधी म्हणाली नाही. चुकलं होतं, असंही त्यानंतर कधी म्हणाली नाही. सून चतकोर भाकरीवर उठली की ती आता तोंड फिरवायची नाही. थोड्या वेळानं वाटीभर ताक आणून ठेवायची.

दिवाळी होऊन गेल्यावर डावा हात पुन्हा जागवायला लागला. इंजेक्शनचा गुण ओसरत चालला होता. पहिली पहाट रत्नम्मानं तशीच काढली. जुनी सवय, अंगवळणी पडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सगळे बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "डावा हात दुखलालाय. मी उद्याच्या गाडीनं नांदेडला जाऊन येते."

रेवणप्पानं मान वर केली. "मी येऊ का?"

"नको. जाते मी."

गुरम्मानं बशीतला चहा संपवला. "सकाळची गाडी धर, उन्हाचं नको," ती म्हणाली. "आणि त्या बाईला विचार, आजीचा पट्टा सैल झालाय, दुसरा मिळतोय का."

रत्नम्मा दुसऱ्या दिवशी निघाली. पिशवी उजव्या खांद्याला अडकवून ती स्टँडपर्यंत चालत गेली.